मागितल्याच्या निम्मं

सियामविझाने तिला मॅडम म्हटलं. सकाळची वेळ होती, इनोंगेचा चहा टेबलावर तसाच पडला होता, खिडकीबाहेर कुणीतरी ट्रक मागे घेत होतं आणि त्याची पीं-पीं डोक्यात जात होती, आणि फोनवर हामालुंगूचा दवाखाना चालवणारा सियामविझा म्हणाला, "मॅडम, नमस्कार. आपल्याला दोन मिनिटं वेळ आहे का?" तिला वाटलं, नंबर त्याचा आहे पण माणूस दुसराच कुणीतरी आहे. आठ वर्षांत त्याने तिला मासेखाऊ म्हटलं होतं, पुरातली बेडकी म्हटलं होतं, राजाच्या नावेतलं ओझं म्हटलं होतं. मॅडम कधीच म्हटलं नव्हतं. तिच्या जिभेवर सवयीचं वाक्य तयार होतं, काय रे गुराख्या, आज कुठल्या गाईने लाथ मारली, पण ते जिभेवरच राहिलं. "बोला," ती म्हणाली. आपणही त्याला बोला म्हटलं हे तिच्या लक्षात आलं.

"हिवतापाची इंजेक्शनं, मॅडम. माझ्याकडे आज दोन मुलांपुरती उरलीत. खाटांवर पाच मुलं आहेत. व्हरांड्यात किती आहेत ते मी मोजलेलं नाही. काही पाठवता येईल का, एवढंच विचारायचं होतं."

"अरे, पण मागच्याच महिन्यात—"

"हो मॅडम. ती संपली." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर बरं झालं असतं, तिला तक्रारींची सवय होती. "मी टेकडीवर चढून बोलतोय. इथे आवाज मध्येच जातो. आपल्याला ऐकू येतंय ना?" आणि आवाज गेलाच. तिने लावून पाहिला, पुन्हा लावून पाहिला. मग चहा प्यायला, कारण तो समोर होता, आणि तो थंड आहे हे तिला घोट गिळल्यावर कळलं.

ती लोझी, तो टोंगा. आमच्या देशात एवढं सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. लोझी जमात नदीच्या पुरात नाव हाकणारी, मासे खाणारी, टोंगा गुरं राखणारी, आणि दोघं एकमेकांचे थट्टेचे सोयरे. आजोबांच्या आजोबांनी एकमेकांची गुरं पळवली असतील, माणसं मारली असतील, आणि सूड घेऊन घेऊन कंटाळा आल्यावर ठरवलं असेल की आता फक्त तोंडाने मारायचं. तेव्हापासून बँकेच्या रांगेत, पोलीसचौकीत, अगदी मयतालासुद्धा लोझीने टोंग्याला वाटेल ते बोलावं आणि टोंग्याने दुप्पट परत करावं. राग आला तर फजिती तुमचीच. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात सियामविझाचा फोन आला होता तेव्हा इनोंगे या खुर्चीत अवघडून बसायची, साठ दवाखाने तिच्यापेक्षा वयाने मोठ्या माणसांचे, सगळे तिच्यावर ओरडणारे. तो मात्र म्हणाला होता, "नवी बाई लोझी आहे म्हणे? म्हणजे आता औषधं नावेतून येणार, अर्धी बुडणार." तिने उत्तर दिलं होतं, "आणि उरलेली तू गाईंना पाजणार. तुमच्यात गाय मेली तर आठवडाभर सुतक, बायको मेली तर जेवणापर्यंत." पलीकडे तो इतका हसला की त्याला खोकला लागला. त्या दिवसापासून तिला नोकरी जमेल असं वाटू लागलं. नवऱ्याने घर सोडलं त्या महिन्यातही पहिल्यांदा तिला हसवलं ते या माणसानेच, आणि त्याला त्यातलं काहीही माहीत नव्हतं.

तिचं काम कापण्याचं. चर्चच्या दवाखान्यांना औषधं पुरवणारं हे राजधानीतलं, लुसाक्यातलं कोठार, महिनाअखेरीला दवाखान्यांच्या मागण्या येतात, आणि कुणाला किती जाणार ते इनोंगे ठरवते. दवाखाने दुप्पट मागतात कारण कोठार निम्मं कापतं, आणि कोठार निम्मं कापतं कारण दवाखाने दुप्पट मागतात. सुरुवात कुणी केली हे विचारणं म्हणजे सासू-सुनेच्या भांडणात पंच होऊन बसणं. सगळ्यांना ठाऊक असतं, कुणी बोलत नाही, आणि गाडं चालत राहतं. नवीन नर्स कुठे रुजू झाली आणि तिने मोजून मापून जेवढं हवं तेवढंच मागितलं, तर पहिल्या महिन्यात तिच्या हाती निम्मं पडतं. दुसऱ्या महिन्यापासून तीही शहाणी होते. सियामविझा तर या खेळातला जुना गडी. दर महिन्याला फोन करायचा, "सोयरीण, या खेपेला शपथेवर सांगतो, एकही आकडा फुगवलेला नाही, माझ्या काळ्या बैलाची शपथ." ती म्हणायची, "तुझा काळा बैल गेल्या महिन्यातच मेला ना शपथा वाहून वाहून?" आणि निम्मं कापायची. तो निम्म्याचाच हिशेब धरून बसलेला असायचा. कुणाचं काही अडत नव्हतं.

मागच्या महिन्यातही फोन आला होता. ती आता तो फोन आठवू लागली, आणि तो नीट आठवेना. तीनशे कुप्या लिहिल्या होत्या. "सोयरीण, थट्टा नाही. तीनशे लिहिल्यात, तीनशेच हव्यात. इथे पाऊस थांबत नाहीये." असंच म्हणाला होता ना? आवाज कसा होता? गंभीर होता की गंभीरपणाचं सोंग होतं? तो सोंग चांगलं करायचा. ती म्हणाली होती, "गुराख्या, तू थट्टा नाही म्हणालास की मला जास्तच हसू येतं." मग पलीकडे क्षणभर काहीच आलं नव्हतं. ती शांतता तिला आता स्पष्ट ऐकू येत होती. तेव्हा तिला वाटलं होतं की तो पुढचा टोमणा शोधतोय. मग तो म्हणाला होता, "बरं, हस." आणि फोन ठेवला होता. दुपारी जेवताना तिने हे सगळ्यांना सांगितलंही होतं, माझा टोंगा या महिन्यात खरं बोलतोय म्हणे, आणि टेबलावर हशा पिकला होता, तोंडात न्शिमाचा, मक्याच्या पिठाच्या उकडीचा, घास असलेल्या कोठारप्रमुख चिशिम्बासाहेबांना ठसका लागला होता. नंतर ती जागेवर येऊन बसली होती आणि तीनशेच्या समोर दीडशे लिहिलं होतं. हात पुसायचाही राहिला होता, कळपट्टीवर तेल लागलं होतं.

पडद्यावर हामालुंगू उघडलं. दीडशे तिथेच होतं, शेजारी संगणकाचा स्वतःचा अंदाजही होता, तो तर त्याहूनही कमी. संगणकाचं बरोबरच होतं. गेल्या वर्षी पाऊस पडला नाही, खोऱ्यात डबकं म्हणून राहिलं नाही, डास नाहीत म्हणून ताप नाही, आणि ताप नाही म्हणून हामालुंगूने इंजेक्शनं जवळजवळ वापरलीच नाहीत. संगणक मागच्या वर्षाकडे बघून पुढचं वर्ष सांगतो. त्याला ढग दिसत नाहीत. इनोंगेला दिसत होते. डिसेंबरपासून ती रोज छत्री घेऊन कामाला येत होती, बसथांब्यावर पाय भिजवत होती, आणि एकदाही तिच्या मनात आलं नाही की हाच पाऊस खाली खोऱ्यातही पडतोय. पडद्यावर आणखी खाली जुन्या एका उन्हाळ्याचे महिने होते, तिथे वापर शून्य. ते शून्य तिला माहीत होतं. तेव्हा हामालुंगूत औषध संपलेलं होतं, आणि जे संपलेलं असतं ते वापरता येत नाही, आणि जे वापरलं गेलं नाही त्याची गरज नव्हती असं इथे धरलं जातं. नोकरीला लागली तेव्हा तिने हे एकदा बैठकीत बोलून दाखवलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या आणि चहा आला होता.

आई असती तर म्हणाली असती, तुला मी रांगेतच शिकवलं होतं. इनोंगे सहा-सात वर्षांची असेल, दुकानांमधली फळ्यांची कपाटं रिकामी असायची ते दिवस, मक्याचं पीठ कुपनावर मिळायचं आणि ट्रक आला की माटेरो वस्तीतल्या सगळ्या बायका पळत सुटायच्या, काय आलंय ते न विचारता रांगेत उभ्या राहायच्या. साखर असेल, साबण असेल, काहीही असलं तरी हवंच. आईने तिला आणि दोन भावांना रांगेत वेगवेगळं उभं केलं होतं, एकमेकांना ओळखायचं नाही असं बजावून. खिडकीतल्या माणसाने आईला विचारलं, घरात किती माणसं? आई म्हणाली, नऊ. मागे उभ्या असलेल्या इनोंगेला वाटलं आई चुकली, आणि ती ओरडून म्हणाली, आई, पाच! आपण पाच आहोत! त्या माणसाने हसून पाच माणसांचं म्हणून जे पीठ दिलं ते तिघांनाही पुरलं नसतं. घरी आल्यावर आईने तिच्या कानाखाली दिली, आणि मग स्वतःच रडत बसली. म्हणाली, "पाच सांगितलं की अडीच माणसांचं देतात, समजलं? नऊ सांगायचं. पाच जगायला नऊ सांगायचं." इनोंगे गाल धरून उभी होती. तिला त्या वेळी आईची चीड आली होती. आता तिला वाटलं, त्या खिडकीत बसलेल्या माणसालाही वाटलं असेल की आपण फार हुशार आहोत, नऊचे पाच ओळखले. आज तीच त्या खिडकीत बसली होती, पगार घेऊन.

तिने खोऱ्यातल्या आजूबाजूच्या दवाखान्यांना फोन लावायला घेतलं. वीज गेली होती, पंखा थांबला होता, कुणीतरी जनरेटरशी झगडत होतं. "इंजेक्शनं? नाहीत हो मॅडम, असती तर दिली नसती का?" दुसरीकडे, "अहो, आम्हीच तुम्हाला विचारणार होतो." तिसरीकडची नर्स तर देवाची शपथ घालून मोकळी झाली. तिघीही खोटं बोलत होत्या. या महिन्यात तिनेच तिघींना माल पाठवला होता, आणि तिघींकडे मिळून हामालुंगूला पुरून उरेल इतका तरी होता, कुठल्यातरी कपाटात, कापसाच्या गठ्ठ्यांमागे दडवलेला. तिला त्यांचा राग येईना. दोन वर्षांपूर्वी त्यातल्याच एकीने प्रामाणिकपणे कळवलं होतं की आमच्याकडे जास्तीचा साठा आहे, आणि इनोंगेने शाबासकी देऊन तो उचलून दुसरीकडे धाडला होता. पुढच्याच महिन्यात तिथे साथ आली. तेव्हापासून खोऱ्यात कुणाकडेच जास्तीचं काही नसतं.

ती चिशिम्बासाहेबांच्या खोलीत गेली तेव्हा ते भुईमूग खात होते. वाईट माणूस नव्हे. बेम्बा जमातीचा, पोट सुटलेला, चर्चमध्ये खड्या आवाजात गाणारा. त्यांनी टरफलं कागदावर सारली आणि म्हणाले, "बस. चेहरा का असा?"

"हामालुंगूत इंजेक्शनं संपलीत. मुलं आहेत. राखीवातून एक खोकं द्या."

"राखीव उत्तरेसाठी आहे, तुला माहीत आहे. तिकडे पाऊस आता कुठे चढतोय."

"खाली चढलाय, साहेब."

"इनोंगे, आज एकाला दिलं की उद्या साठ फोन येतील. संपलं, संपलं, संपलं. साठांपैकी किती खरं बोलत असतील, तूच सांग."

"एक."

"आणि तो एक कोण हे तुला कसं कळलं?"

 साहेब हसतील अशी तिची खात्री होती. "त्याने मला मॅडम म्हटलं," ती म्हणाली.

साहेब हसले नाहीत. हातातली शेंग त्यांनी फोडली नाही, परत कागदावर ठेवली. बेम्बांचे थट्टेचे सोयरे न्गोनी. साहेबांचा एक न्गोनी सोयरा दारावरच पहारेकरी होता आणि रोज सकाळी साहेबांच्या पोटाकडे बघून, कितवा महिना, असं विचारायचा. "तो माकडतोंड्या मला उद्या सर म्हणाला," साहेब हळूच म्हणाले, "तर मी आधी डॉक्टरकडे जाईन." मग उठले. पण राखीव साठा हा राखण्यासाठी असतो. त्याला तीन सह्या लागतात, त्यातली एक पाळकांची, पाळक शहराच्या दुसऱ्या टोकाला लग्न लावायला गेलेले. सही आली तोवर खोऱ्याकडे जाणारी चोमाची दुपारची बस निघून गेली होती. इनोंगेने स्वतः खोकं दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसवर नेऊन घातलं, कंडक्टरच्या हातात चहापाण्याचे पैसे कोंबले, बाटोक्याच्या फाट्यावर मोटारसायकलवाला उभा असेल, त्याच्याच हातात दे, दुसऱ्या कुणाला नाही, असं तीनदा बजावलं. कंडक्टर म्हणाला, "बाई, लेकरू पाठवताय की खोकं?" तिने खोक्याची दोरी पुन्हा एकदा आवळली.

दिवसभर ती खोक्याबरोबर होती. कामावर बसली होती, आकडे कापत होती, पण प्रत्येक दवाखान्याच्या आकड्यापाशी आता हात अडत होता. हा फुगवलेला की हा खरा? चारशे लिहून चारशेच कुणाला हवेत, दोनशे कुणाला? सगळे आकडे एकाच चेहऱ्याचे दिसत होते. तिला आठ वर्षांत पहिल्यांदा जाणवलं की तिला यातलं काहीच कळत नाही, कधीच कळत नव्हतं, कात्री हातात आहे म्हणून कापता येतं एवढंच. फाट्यावरून फोन आला, खोकं मिळालं. मग बराच वेळ काही नाही. मग कळलं, ओढ्याला पाणी आहे, मोटारसायकलवाला अलीकडे थांबलाय. तिने नकाशावर तो ओढा शोधला. तो नकाशावर नव्हताच. संध्याकाळी सियामविझाचा निरोप आला. मिळालं. आभारी आहे, मॅडम. तिने तो निरोप वाचला आणि तिला एकदम भूक लागली. घरी जाऊन तिने कापेन्टा, बोटाएवढे सुके मासे, तळले, टोमॅटो घातला, मोठा गोळा न्शिमा रांधला आणि एकटीने सगळा संपवला. मॅडम हा शब्द तिला खटकला होता, पण ती स्वतःशी म्हणाली, रुसलाय, पुढच्या महिन्यात बेडकी म्हणेल.

सकाळी कोठारात शिरताना म्वीम्बाने तिला हाक मारली. हा माल उचलायचं यंत्र चालवणारा टोंगा, सियामविझाच्या भावकीतला. एरवी तिला पाहिलं की नाक दाबायचा, माशांचा वास आला म्हणून. आज टोपी काढून उभा होता. "सोयरीण, मयताला जायचंय. सियामविझाच्या लेकीचा मुलगा गेला. लुयांडो."

"केव्हा?"

"काल. उजाडता उजाडता. खोकं वाटेत होतं तेव्हा." त्याने टोपी हातात फिरवली. "साहेबांनी गाडी दिलीय. तू चल. लोझी कुणी नसलं तर नुसतं रडणंच होईल. मूल आहे खरं, मुलाच्या मयताला थट्टा बेताचीच करतात, पण तिथे या महिन्यात कुणी हसलेलंच नाही म्हणे."

ती बसली गाडीत. का बसली हे तिला पुढे किती दिवस सांगता आलं नाही. सोयऱ्याच्या मयताला न जाणं हे आमच्याकडे कुणी ऐकलेलंच नाही, म्हणून बसली असेल. किंवा खुर्चीत जाऊन बसणं जमलं नसतं म्हणून. वाटेत म्वीम्बा बोलत राहिला. त्याच्याकडून तिला कळलं ते असं, की दोन मुलांपुरती औषधं उरली तेव्हा सियामविझाने ती आधी आलेल्या मुलांना दिली. लेक त्याच दुपारी पोराला पाठीला बांधून चालत आली होती. पोर तापाने फणफणलेलं, डोळे वर गेलेले. त्याने नातवाला व्हरांड्यात बाकीच्यांच्या शेवटी बसवलं. लेकीने त्याच्या अंगावर चप्पल फेकली. तो म्हणाला, बाळा, येतंय औषध, लुसाक्याहून येतंय. "कडक माणूस," म्वीम्बा म्हणाला, त्यात कौतुक होतं आणि थोडी शिसारीही. इनोंगे खिडकीबाहेर पाहत होती. मका हिरवागार उभा होता, कणसं धरलेली, रस्त्याच्या कडेच्या प्रत्येक खड्ड्यात पाणी. इतकं चांगलं वर्ष कित्येक वर्षांत आलं नव्हतं. या पावसासाठी गेल्या वर्षी तिने स्वतः चर्चमध्ये गुडघे टेकले होते.

पोचेपर्यंत माती देऊन झाली होती. अंगणात बायका जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या, पुरुष विझत्या ओंडक्याभोवती. सियामविझा तिला वाटला होता त्यापेक्षा अंगाने लहान निघाला. ती त्याला दोनदाच भेटली होती, दोन्ही वेळा गर्दीत. फोनवरच्या आवाजाने तिच्या मनात त्याला धिप्पाड केलं होतं. त्याने हळू टाळ्या वाजवून तिचं स्वागत केलं, पाहुण्याचं करतात तसं. त्याची लेक भिंतीला टेकून बसली होती, तिच्या पाठीवर अजून कापड बांधलेलं होतं, रिकामं. इनोंगे तिच्यापाशी गेली आणि बसली आणि तिला रडू येईना. सगळ्या बायका तिच्याकडे पाहत होत्या. मग कोपऱ्यातून सियामविझाची आई बोलली. दात नसलेली, डोळ्यांत फूल पडलेलं, पण आवाज खणखणीत. "लोझी आलीय म्हणे? मग गप्प का? पुरात जीभ वाहून गेली काय?"

कुणीतरी सुस्कारा सोडला, हसण्याच्या जवळ जाणारा. सगळे सरसावून बसले. तिला उठावं लागलं. काय बोलायचं असतं ते तिला पाठ होतं: पोरगं कंजूष टोंगा निघालं, जगायचाही खर्च वाचवला, किंवा, आता गाई कोण राखणार, मला इथेच ठेवा, पण दूध मी पिणार. असली वाक्यं तिने कितीतरी अंगणांत बोलली होती आणि रडणाऱ्या माणसांना हसवलं होतं. ती जमली नाहीत. तिने तोंड उघडलं आणि जे होतं तेच बाहेर आलं.

"ऐका टोंगांनो," ती म्हणाली. "तुमच्या या माणसाने माझ्याकडे तीनशे मागितली होती. मी दीडशे दिली. तो म्हणाला, थट्टा नाही. मी हसले. मी लुसाक्यात खुर्चीत बसते आणि तुम्ही जे मागाल त्याच्या निम्मं कापते, तेच माझं काम आहे. हे मूल मी कापलं."

 मग म्हातारीने मांडीवर थाप मारली. "ऐका! ऐका हिचं! लोझींनी कधी टोंग्याला पुरं काही दिलंय का?" आणि अंगण फुटलं. पुरुषांतून कुणी ओरडला, "म्हणून तुमच्या राजाची नाव डुगडुगते, वल्हीसुद्धा निम्मीच देता!" एक बाई कमरेच्या कापडाच्या टोकाने डोळे पुसत म्हणाली, "अगं, नवराही निम्माच ठेवलास काय?" इनोंगे म्हणाली, "मी खरं सांगतेय. शपथेवर." त्यावर तर हसण्याचा लोट उठला, कारण प्रत्येक सोयरा शेवटी हेच म्हणतो. भिंतीला टेकलेल्या लेकीच्या तोंडाचाही कोपरा हलला, आणि तिच्या शेजारच्या बाईने तो बघून इनोंगेकडे हात जोडले. सियामविझाही हसला. आई त्याच्या बाजूला तोंड करून ऐकत होती, म्हणून हसला असेल. म्वीम्बा खूश होऊन सगळ्यांना सांगत होता की हिला मी आणलंय.

इनोंगे तशीच उभी राहिली. तिला ओरडावंसं वाटत होतं, तुम्ही मला मारा, त्या चपलेने मारा. पण अंगणातली माणसं कित्येक दिवसांनी श्वास सोडून बसल्यासारखी दिसत होती, आणि म्हातारी म्हणत होती, "बरं काम केलंस, पोरी. हिला आधी वाढा. मोठा तुकडा वाढा." तिला चटईवर बसवलं. समोर न्शिमा आला, माबिसीचं दही आलं, मांसाचा सर्वांत मोठा तुकडा आला, सोयऱ्याचा मान म्हणून.

हात धुवायला पाणी घेऊन सियामविझा स्वतः आला. घरात इतक्या बायका असताना तो का, असं कुणी विचारलं नाही. तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि तिच्या हातांवर सावकाश पाणी ओतू लागला. त्याच्या हातांना स्पिरिटचा वास होता.

"मॅडम," तो म्हणाला, कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "या महिन्याची मागणी आज सकाळी पाठवली."

"आज?"

"महिनाअखेर आहे. आज नाही गेली तर पुढची गाडी चुकते." त्याने भांडं तिरपं केलं, उरलेलं पाणी तिच्या बोटांवरून गेलं. "सहाशे लिहिल्यात. मला तीनशेच हव्यात. तुम्ही नेहमीसारखं कापा."